सोलरचा अर्ज: आधी बिलावरचं नाव, मग पॅनल

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या कळंब्यातल्या एका ताईंचं स्वतःचं घर आहे, वर साधारण आठशे चौरस फूट मोकळी गच्ची. वीजबिल दिवंगत सासऱ्यांच्या नावावर येतं. वापर महिन्याला अडीचशे ते पावणेतीनशे युनिट आणि बिलावर मंजूर भार (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज वापरायची परवानगी आहे तो आकडा) १ किलोवॅट. गच्चीवर सोलर बसवायचं म्हणून तीन ठिकाणांहून ३ किलोवॅटची दरपत्रकं आणली, तिन्हींचे आकडे वेगळे. त्यातला एक म्हणतो, "फॉर्म आम्हीच भरतो, तुम्ही फक्त ओटीपी सांगा." ताईंना विचारायचंय की अर्ज नेमका कसा होतो, मंजूर भार कमी म्हणून अडेल का, अनुदान कुणाच्या खात्यावर येतं, आणि पावसाळ्यात लाईट गेली तर सोलरवर घर चालेल का.

ताई, पॅनल कुठल्या कंपनीचं घ्यायचं ते बाजूला ठेवा आणि बिल हातात घ्या. तुमचं काम अडलं तर त्या नावापाशी अडणार आहे.

आपल्याकडं बिल आजोबांच्या, नाहीतर सासऱ्यांच्या नावावर वर्षानुवर्षं तसंच चालू असतं. पैसे वेळेवर भरले की कुणी काही विचारत नाही, त्यामुळं नाव बदलायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. सोलरला मात्र ते चालत नाही. पीएम सूर्यघर या केंद्राच्या घरगुती सोलरच्या अनुदान योजनेत अर्ज वीज ग्राहकाच्या नावानं होतो आणि अनुदान त्याच ग्राहकाच्या बँक खात्यावर जमा होतं. बिलावर सासरे, अर्जात तुम्ही आणि खातं मिस्टरांचं असा प्रकार असेल तर पॅनल बसतील, मीटरही बसेल, पण अनुदान लटकेल. काही विक्रेते सांगतात, "आत्ता असंच करून टाकू, नाव नंतर बघू." ऐकू नका. नंतर बघायला ते येत नाहीत.

म्हणून पहिला अर्ज सोलरचा नाही, महावितरणकडं नाव बदलण्याचा. तो ऑनलाईनही होतो, उपविभाग कार्यालयात जाऊनही देता येतो. सासऱ्यांचा मृत्यू दाखला, तुमच्या घरच्या जागेचा कागद, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांचं संमतीपत्र तयार ठेवा. घर ग्रामपंचायत हद्दीत असेल तर नमुना ८ चा उतारा लागेल. महापालिका हद्दीत असेल तर प्रॉपर्टी कार्ड किंवा घरफाळ्याची पावती. घरही अजून सासऱ्यांच्याच नावावर असेल तर ग्रामपंचायतीत किंवा सिटी सर्व्हेला वारसनोंद आधी करून घेतलेली बरी. दीर-नणंदांच्या सह्या लागणार असतील तर ते काम माणसं एकत्र जमतात अशा एखाद्या सणाला उरका, हा अनुभवाचा सल्ला. मागची थकबाकी असेल तर तीही भरून टाका.

नाव तुमचं लावा किंवा मिस्टरांचं, दोन्ही चालतं. फक्त बिल, आधार आणि पासबुक या तिन्हींवर नाव एकसारखं हवं. एका ठिकाणी पूर्ण नाव, दुसरीकडं आद्याक्षरं, तिसरीकडं आडनावाचं स्पेलिंग निराळं, असल्या बारीक गोष्टींवर अनुदान परत जातं. त्याच फेरीत बिलाला जोडलेला मोबाईल नंबरही तुमचा करून घ्या. नव्या नावाचं बिल प्रत्यक्ष हातात आलं की मगच पोर्टलवर जा.

आता मंजूर भार. याची चिंता करू नका. पूर्वी सोलरसाठी भार आधी वाढवून घ्यावा लागायचा, मग ट्रान्सफॉर्मरवर जागा आहे का याची तपासणी, मग मंजुरी, असं लांबण होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती प्रकल्पाला तांत्रिक तपासणीची अट नाही, पूर्ण भरलेला अर्ज मंजूर झाला असंच धरलं जातं आणि लागेल तेवढा मंजूर भार वीज कंपनीनंच वाढवायचा. सोलरची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त नसावी ही राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांतली अट आहे, म्हणून तुमचा १ किलोवॅटचा भार बसवलेल्या क्षमतेइतका वर जाईल. काम झाल्यावर बिलावर तो आकडा बदलला का एवढं बघा. भार वाढवायचे म्हणून कुणी रोख पैसे मागितले तर महावितरणचं लेखी कोटेशन मागा. विषय तिथंच संपतो.

किती किलोवॅट घ्यायचं, यावर माझं मत तिन्ही दरपत्रकांपेक्षा वेगळं आहे. १ किलोवॅटला वर्षाच्या सरासरीनं महिन्याला १०० ते १२० युनिट मिळतात. तुमचा वापर २७५ धरला तर ३ किलोवॅट जास्त होतं आणि २ किलोवॅट थोडं कमी पडतं. आता बिलातले टप्पे बघा. घरगुती दरात पहिली १०० युनिट स्वस्त असतात, १०१ ते ३०० या टप्प्यात वीज आकार त्याच्या दुपटीहून जास्त असतो आणि ३०० च्या पुढं आणखी चढतो. सोलरची युनिट वजा होतात ती वरच्या, महागड्या टप्प्यातून. म्हणजे २ किलोवॅटमध्येच तुमची सगळी महाग वीज संपते, आणि जी थोडी विकत घ्यावी लागते ती स्वस्तातली उरते.

अनुदानाचं गणितही तेच सांगतं. पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. म्हणजे २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून कितीही मोठं बसवलं तरी ७८,०००. तिसरा किलोवॅट तुमच्या खिशातून सगळ्यात जास्त नेतो. येत्या दोन-तीन वर्षांत एसी, इंडक्शन शेगडी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर येणार असेल तर ३ घ्या, बिनधास्त. तसं काही नसेल तर २ पुरे. विक्रेत्याला ३ विकण्यात जास्त मिळतं, त्यामुळं हा हिशोब तो आपणहून मांडणार नाही. जागेचा प्रश्न नाही, किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट लागतात.

कोल्हापूरच्या पावसात सोलर चालतं का, हे सगळेच विचारतात. जुलै-ऑगस्टला आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही, तेव्हा निर्मिती उन्हाळ्याच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. पण नेट मीटरिंगचा, म्हणजे घेतलेल्या विजेतून तुम्ही लाईनला दिलेली वीज वजा करण्याचा, हिशोब १ एप्रिल ते ३१ मार्च असा वर्षाचा आहे आणि तो आपल्या हवामानाला चांगला बसतो. एप्रिल-मे मध्ये जास्तीची युनिट तुमच्या खात्यावर जमा राहतात आणि पावसाळ्यात ती खर्ची पडतात. ३१ मार्चला जी शिल्लक उरेल ती महावितरण विकत घेतं, पण आयोगानं ठरवलेल्या दरानं, आणि तो तुम्ही विजेला मोजता त्या दराच्या मानानं बराच कमी असतो. म्हणून वीज विकून कमाई करायच्या हिशोबानं मोठा प्रकल्प बसवू नका.

आता ओटीपी. फॉर्म ओटीपी मागणाऱ्या त्या विक्रेत्यानं भरला तर बिघडत नाही, पण तुमच्या घरी, तुमच्या समोर, तुमच्या मोबाईलवर. पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर राज्य, वीज कंपनी, बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक, मोबाईल आणि ईमेल टाकून नोंदणी होते. ती ज्याच्या मोबाईलवर झाली त्याच्या हातात पुढचं सगळं जातं: विक्रेता निवडणं, बँक खातं देणं, अनुदान मागणं. विक्रेत्यानं स्वतःचा नंबर टाकून नोंदणी केली आणि उद्या त्याच्याशी फिसकटलं, तर स्वतःच्याच अर्जासाठी तुम्हाला त्याच्या दारात उभं राहावं लागेल. आम्ही सोलर बसवणारे लोक हे सोयीसाठी करतो हे खरं आहे. दिवसाला चार घरं करायची असतात, प्रत्येक ओटीपीला ग्राहकाला फोन लावणं जिवावर येतं. पण ती आमची सोय, तुमची नाही.

नोंदणीनंतरचा रस्ता सरळ आहे. अर्ज मंजूर झाला की पोर्टलवरच्या नोंदणीकृत विक्रेत्यांतून एक निवडायचा आणि त्याच्याशी करार करायचा. या यादीत नसलेल्याकडून काम केलं तर अनुदान नाही, मग तो नात्यातला असला तरी. पॅनल बसले की विक्रेता पॅनल आणि सोलरच्या इन्व्हर्टरचे (पॅनलची वीज घरात चालेल अशी करणारा डबा) सिरीयल नंबर, कागदपत्रं आणि तुम्ही पॅनलशेजारी उभे असल्याचा फोटो अपलोड करतो. मग महावितरणबरोबर नेट मीटरिंगचा करार, जागेवर पाहणी आणि नेट मीटर. काम पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र दिल्यापासून पंधरा दिवसांत करार, मीटर आणि प्रकल्प सुरू करणं हे सगळं व्हावं, असं नियम सांगतो. मीटर बसला की पोर्टलवर कमिशनिंगची, म्हणजे प्रकल्प सुरू झाल्याची, नोंद होते, तुम्ही बँक खातं आणि रद्द केलेला धनादेश देता, आणि अनुदान साधारण महिन्याभरात यावं अशी योजनेची अपेक्षा आहे. व्यवहारात थोडं मागंपुढं होतं. योजनेतल्या घरगुती ग्राहकाला नेट मीटर महावितरण देतं, त्यामुळं दरपत्रकात 'मीटर' म्हणून वेगळी रक्कम दिसली तर ती कशाची, सोलरची निर्मिती मोजणाऱ्या मीटरची का, हे विचारा.

आणि एक गोष्ट कुणी कितीही घाई केली तरी करू नका. नेट मीटर बसायच्या आधी सोलर चालू करू नका. "पॅनल लागलेत, ऊन वाया चाललंय, चालू करून देतो" असं सांगणारे आहेत. ते नियमात बसत नाहीच, पण नुकसानही तुमचंच. बरेचसे साधे इलेक्ट्रॉनिक मीटर वीज कुठल्या दिशेनं गेली ते बघत नाहीत; चोरी रोखण्यासाठी ते उलट गेलेली वीजही वापर म्हणूनच मोजतात. म्हणजे दुपारी घरात कुणी नाही, सोलरनं आठ युनिट बाहेर पाठवली, तर तुमच्या बिलात आठ युनिट वाढतात. "सोलर बसवल्यावर बिल दुप्पट आलं" अशी ओरड असते, त्यातल्या कित्येक घरांत हेच घडलेलं असतं.

दरपत्रकांकडं येऊ. तिन्ही आकडे वेगळे येतात याचं सगळ्यात मोठं कारण पॅनल. अनुदान हवं असेल तर पॅनल डीसीआर लागतात, म्हणजे सेल आणि पॅनल दोन्ही भारतात बनलेले. बिगर-डीसीआर पॅनल स्वस्त पडतात. एखादा आकडा फारच खाली असेल तर आधी हे विचारा, आणि दरपत्रकावर 'डीसीआर' असं लिहून घ्या. पॅनल उतरवताना मागच्या बाजूचे सिरीयल नंबर मोबाईलमध्ये टिपा, पुढं डीसीआरच्या प्रमाणपत्राशी ताडून बघता येतात. जीएसटी बघा: सोलरच्या सामानावरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झालाय. जुन्या दरानं छापलेली पत्रकं अजून फिरत असतात.

दुसरा फरक सांगाड्यात असतो आणि तिथं कोल्हापूरकरांनी काटकसर करू नये असं मला ठाम वाटतं. एप्रिल-मे मधला वळीव कसा येतो ते तुम्हाला माहीत आहे; पत्रे उडतात तिथं पॅनल काय चीज आहे. पाईप किंवा चॅनेल गॅल्व्हनाईज्ड हवा. नुसता रंग मारलेला लोखंडी सांगाडा आपल्या पावसात दोन-चार वर्षांत गंजू लागतो. उद्यमनगरात चांगलं काम करणारे फॅब्रिकेटर आहेत, पण तिथूनही स्वस्तातला पातळ पाईप मागून आणता येतोच, म्हणून पाईपची जाडी कागदावर मागा. पाय शक्यतो बीम-कॉलमवर यावेत, आणि स्लॅबला भोक पाडलं तर वॉटरप्रूफिंग कोण करणार हे आधी ठरवा. गच्ची गळायला लागली की विक्रेता गवंड्याकडं बोट दाखवतो आणि गवंडी विक्रेत्याकडं.

अर्थिंग तीन वेगळी हवीत: पॅनलच्या बाजूचं, घराच्या बाजूचं आणि आभाळातली वीज पडण्यापासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचं. एकाच खड्ड्यात तिन्ही उरकलेली असतील तर काम परत करायला लावा. पाण्याच्या टाकीची सावली दुपारी कुठपर्यंत येते तेही एकदा स्वतः गच्चीवर उभं राहून बघा. साध्या इन्व्हर्टरवर पॅनल एका माळेत जोडलेले असतात. एकावर सावली आली की बाकीच्यांची निर्मितीही ओढली जाते.

इन्व्हर्टर वर, सावलीत, हवा खेळेल अशा जागी घ्या. कळंब्यात तुम्हाला पुराची भीती नाही. पण हे उत्तर दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली किंवा नागाळा पार्कात कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी: २०१९ आणि २०२१ ला तुमच्या भिंतीवर पाण्याची जी खूण राहिली, तिच्या वरच इन्व्हर्टर आणि सगळे बॉक्स लावा. मीटरची जागा वर घेता येईल का हेही उपविभागात याच अर्जाच्या वेळी विचारून ठेवा. साखर कारखाना किंवा गुऱ्हाळ जवळ असेल तर गळीत हंगामात पॅनलवर काजळी बसते, तेवढे महिने पाण्याचा नळ गच्चीपर्यंत असलेला बरा. सकाळी गार असतानाच धुवा, तापलेल्या काचेवर पाणी मारू नका.

पैसे टप्प्यांत द्या. किती टक्के आधी द्यायचे यात घासाघीस होतेच, पण शेवटचा हप्ता नेट मीटर बसून सोलर चालू झाल्यावरच, हे करारात लिहा. पॅनल बसवणं दोन दिवसांचं काम आहे. विक्रेत्याला पाठपुरावा करावा लागतो तो त्यानंतरच्या कागदांचा, आणि त्याचे सगळे पैसे आधीच मिळाले असतील तर तो पुढच्या घरी गेलेला असतो. पाच वर्षांची देखभाल योजनेत विक्रेत्यावर बंधनकारक आहे, तिचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. कर्ज हवं असेल तर राष्ट्रीयीकृत बँका ३ किलोवॅटपर्यंतच्या प्रकल्पाला २ लाखांपर्यंत तारण न घेता देतात. खासगी फायनान्सच्या आधी तुमच्या नेहमीच्या बँकेत विचारा.

लाईट गेल्यावरचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. महावितरणला जोडलेलं साधं सोलर लाईट गेली की बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. तो दोष नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. तुमच्या गच्चीवरून लाईनमध्ये वीज जात राहिली तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. बॅटरीचं हायब्रीड सोलर मिळतं, पण त्याचा खर्च बराच वाढतो आणि बॅटरीला अनुदान नाही. घरात जुना बॅटरी-इन्व्हर्टर असेल तर तोच ठेवा. रोज काही तास लाईट जात नसेल तर हायब्रीडच्या वाटेला जाऊ नका असंच मी सांगेन.

पहिलं बिल मात्र नीट वाचा. शून्य बिल म्हणून जाहिरात होते, पण स्थिर आकार आणि त्यावरचं वीज शुल्क येतच राहतं. बिलात आयात आणि निर्यात युनिट वेगळी दिसायला हवीत. निर्यात शून्य दिसत असेल तर मीटर बदलल्याची नोंद बिलिंगमध्ये चढलेली नाही. मीटरच्या पडद्यावरचा फोटो आणि मीटर बसवल्याचा कागद घेऊन लगेच उपविभागात जा, दोन-तीन महिने तसंच गेलं की दुरुस्तीचा हिशोब किचकट होतो. आणि मोबाईल ॲप बारा युनिट दाखवतं, मीटर मात्र निर्यात सातच दाखवतो, म्हणून घाबरू नका. मधली पाच तुमच्याच फ्रीज, पंखा आणि मिक्सरनं दिवसा खाल्लेली असतात, ती मीटरपर्यंत पोचलेलीच नसतात.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनीही विचारलंय म्हणून दोन ओळी: गच्ची सोसायटीची असते, त्यामुळं एकट्यानं पॅनल लावायचे तर सोसायटीचा ठराव लागतो. त्यापेक्षा लिफ्ट, पाण्याची मोटर आणि जिन्यातले दिवे यांच्या सामाईक मीटरवर सोसायटीनं सोलर घेणं सोपं पडतं. त्याला किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे, घरटी ३ किलोवॅट या हिशोबानं जास्तीत जास्त ५०० किलोवॅटपर्यंत.

मीटर रखडला तर आधी उपविभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. महावितरणच्या १९१२ या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली तर तिचा क्रमांक त्याच कागदावर लिहून ठेवा. तिथं दाद लागली नाही तर वीज ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल. मंचात वकील लागत नाही, पण तारखा लागतात: अर्ज कधी केला, प्रमाणपत्र कधी अपलोड झालं, पाहणीला कोण कधी आलं. पोर्टलवर प्रत्येक टप्प्याची तारीख दिसते. ती उघडायला लॉगिन तुमच्या मोबाईलवर पाहिजे.